इंदूच्या हातचं रुखवत

भैयाजींच्या घरातली प्रत्येक वस्तू दोनदा होती. एक घरात, माणसांच्या वापरातली. दुसरी परसातल्या कुडाच्या खोलीत, बोटभर उंचीची. घरातल्या वस्तू कुणी बाजारातून आणलेल्या, कुणी आंदणात आलेल्या. खोलीतल्या सगळ्या पारबतानं केलेल्या.

पारबता ही भैयाजींची थोरली मुलगी. वडशापासून चार कोसांवर, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथं त्यांचं गाव. चामोर्शीकडच्या एका घरी तिला दिली होती. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तिच्या दंडावर फिका चट्टा उमटला. त्याला चुलीतल्या लाकडाचा चटका बसला तरी कळेना. सासरच्यांनी वैदूला दाखवलं, वैदूनं रोगाचं नाव घेतलं आणि नवऱ्यानं तिला बैलबंडीत घालून माहेरच्या वेशीबाहेर आणून उतरवलं. सासऱ्याच्या घरी पाणी प्यायलाही तो थांबला नाही. रक्तपिती म्हणायचे त्या महारोगाला, आणि म्हणतानाही आवाज खाली आणायचे.

भैयाजी मनानं चांगले होते, असं गावातले लोक अजून सांगतात. मला ते पटत नाही. त्यांनी मुलीला परसात खोली बांधून दिली, दोन वेळचं जेवण दिलं, आणि पाहुण्यारावळ्यांना सांगितलं की थोरली सासरी सुखात नांदते आहे. गावाला खरं ठाऊक होतं. पण गावातल्या प्रत्येक घरात झाकायचं काही ना काही होतंच, त्यामुळे परक्यासमोर सगळे एकमेकांची लाज राखायचे. पारबताला घराचा उंबरा बंद झाला. भैयाजींची सून गुणाबाई भाताची थाळी खोलीच्या दारापासून लांब ठेवायची आणि वळून न पाहता निघून जायची.

सगळ्यात धाकटी इंदू. आई गेली तेव्हा ती रांगत होती. पारबतानंच तिला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, खांद्यावर घेऊन निजवलं. इंदू तिला माई म्हणायची. पारबता आजारी होऊन परतली तेव्हा इंदू सुरुवातीला कुंपणापाशी येऊन उभी राहायची, रडायची. मग गुणाबाईनं एकदोनदा पाठीत धपाटे घातले. पुढे मारायची गरज उरली नाही, पोरगी आपणच यायची थांबली.

पारबता आधी नुसती पडून असायची. मग तिनं घर करायला घेतलं. तळ्याची माती, नदीतला मऊ दगड, अंबाडीचा दोरा, लाख, आणि मंगली आणून द्यायची तो बांबू. मंगली ही पलीकडच्या पाड्यावरची गोंडीण. बाजाराच्या दिवशी झाडायचे फडे आणि टोपल्या विकायला वडशाला जायची आणि येताजाता पारबताच्या खोलीत बसून तंबाखू मळायची. भीती वाटत नाही का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, मी म्हातारी झाली, मले आता कोणता रोग खाते.

पारबताचा एक हेका होता. जी वस्तू डोळ्यांनी पाहिली नाही, हातात धरली नाही, ती ती करायची नाही. त्यामुळे तिनं केलं ते आपलंच घर, शिरता येत नव्हतं ते. ओसरीवरची बाज, तिच्या एका खुराला फडकं गुंडाळलेलं होतं तसं गुंडाळलेलं. शेणानं लिंपलेली, धान साठवायची ढोली. उखळ-मुसळ, शिंकं, चूल आणि चुलीवरचा भाताचा गंज. जात्याची वरची तळी खरोखर फिरायची. त्यात तांदळाची कणी टाकली तर खाली चिमूटभर पीठ पडायचं. त्या जात्याच्या काठावर एक टवका होता, कारण घरातल्या जात्याच्या काठावर तो होता आणि लहानपणी तो पारबताच्याच हातून उडाला होता.

गुणाबाईनं हे सगळं पाहिलं तेव्हा ती आधी हसली. एवढ्या मोठ्या बाईचे हे भातुकलीचे खेळ, म्हणाली. पण गुणाबाई हुशार होती. त्याच महिन्यात इंदूला वडशाचं स्थळ आलं होतं. नानाजी म्हणून धानाचे व्यापारी, बाजारात दुकान, दुकानामागंच दोन मजली घर, एकुलता एक मुलगा गुणवंतराव. असल्या घरी पोरगी द्यायची तर रुखवत दणदणीत हवं. नवरीच्या हातची कामं मांडवात मांडतात आणि वरपक्षाच्या बायका ती उचलून उचलून पाहतात, नावं ठेवतात, तोंडात बोटं घालतात. इंदूच्या हातचं मांडायचं म्हटलं तर तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. दिसायला मात्र ती देखणी होती, आणि देखण्या पोरीला घरात कुणी काम शिकवलं नव्हतं.

म्हणून एका दुपारी भैयाजी कित्येक महिन्यांनी परसात आले. खोलीपासून दहा-बारा हात लांब, पेरूच्या झाडाखाली उभे राहिले. म्हणाले, इंदूसाठी सगळं घर करून दे. तिच्या हातचं म्हणून मांडू.

पारबतानं लगेच हो म्हटलं नाही. तिला मंगलीकडून एक बातमी कळली होती. वडशाच्या बाजारात एक डॉक्टर टेबल मांडून बसू लागला होता आणि या रोगावर गोळ्या देत होता. गोळ्या खाऊन हात वाचलेली माणसं मंगलीनं डोळ्यांनी पाहिली होती. पारबताचे चट्टे वाढले होते, पायाला बधिरपणा आला होता, पण बोटं अजून सरळ होती. मंगलीनं डॉक्टरला विचारलं होतं. तो म्हणाला होता, बोटं वळायच्या आत आण. एकदा वळली की गोळी रोग थांबवेल, बोटं सरळ करणार नाही.

"बाबा, सगळं घर देते करून," पारबता म्हणाली. "पण मले वडशाच्या बजारात न्या. गोळ्या घेऊ द्या. बोटं हायेत तवर."

"इंदूचं होऊ दे," भैयाजी म्हणाले. "आत्ता कोणी पाह्यलं तं सोयरीक मोडन. तिचं एकडाव होऊ दे, मंग मीच नेतो."

पारबतानं विश्वास ठेवला. बापाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिनं सगळा पावसाळा आणि हिवाळा खपून ते घर पुरं केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी तिला शेतावरच्या राखणीच्या माळ्यावर नेऊन ठेवलं आणि बजावलं, वऱ्हाड जाईपर्यंत खाली उतरायचं नाही. मंगलीनं तिला पाणी नेऊन दिलं. इकडं मांडवात रुखवत मांडलं तेव्हा वरपक्षाच्या बायका लाडू-चिवड्याकडे पाहायला तयार नव्हत्या. इंदूची होणारी सासू कमळाबाई, अंगानं आडवी, आवाजानं त्याहून आडवी. तिनं जातं उचललं, कणी टाकली, फिरवलं आणि पीठ पडल्यावर सगळ्या बायकांना हाका मारून मारून दाखवलं. हे कोणी केलं, असं तिनं विचारलं. गुणाबाईनं इंदूकडे बोट दाखवलं. इंदूनं मान खाली घातली आणि म्हणाली, मीच. नवरीला लाजायचं असतंच, त्यामुळे खोटं बोलणं सोपं गेलं.

लग्न थाटात झालं. भाताच्या पंगती उठल्या, वऱ्हाड गेलं, पारबता माळ्यावरून खोलीत परत आली आणि वाट पाहू लागली.

भैयाजी नेणार होते, खरंच नेणार होते असं धरून चालू. पण लेकीला पोचवायला ते वडशाला गेले आणि त्यांनी पाहिलं की डॉक्टरचं टेबल नेमकं नानाजींच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या चिंचेखाली असतं. रांग लागते ती दुकानाच्या ओट्यावरून दिसते. त्या रांगेत भैयाजींची थोरली उभी राहिली आणि ओळखीच्या एकानं जरी पाहिलं, तर इंदू दुसऱ्या दिवशी गाठोड्यासकट दारात. पारबतानं आपल्या हातांनी बहिणीचं लग्न जुळवलं होतं, आणि ते नेमकं त्याच दारात जुळलं होतं जिथून तिची गोळी दिसत होती. भैयाजी परत येऊन म्हणाले, थोडं थांब, इंदूचा पाय तिथं रुजू दे.

पाय रुजेपर्यंत वर्ष गेलं. पारबताच्या उजव्या हाताची करंगळी वळली, मग तिच्या शेजारचं बोट, मग डाव्या हाताचीही तशीच दोन. डाव्या तळव्याला तापलेली सळई लागली आणि मांस जळाल्याचा वास आल्यावर तिला कळलं. मंगली तिला दर बाजाराला म्हणायची, चाल माह्यासोबत, बापाले का विचारतेस. पारबता म्हणायची, इंदूचं कसं होईल. मंगली थुंकायची आणि फडे उचलून चालू लागायची.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर इंदू माहेरी आली. अंगावर चांगलं लुगडं, नाकात नवी नथ, दुसरा महिना. त्या दिवशी ती आपणहून परसात आली. पारबताला वाटलं, भेटायला आली. तिनं घाईघाईनं हात पदराखाली घेतले आणि दारात येऊन बसली. इंदू पेरूच्या झाडाखाली बसली, बाप उभा राहिला होता तिथंच. तिनं रडत रडत सगळं सांगितलं. सासूनं ते घर ओटीवरच्या काचेच्या कपाटात मांडलं होतं. येईल त्या पाहुण्याला ती सुनेच्या हातची कारागिरी दाखवायची. आता नणंद शेवंताचं लग्न ठरलं होतं आणि सासूनं सांगितलं होतं, असंच रुखवत शेवंतासाठी कर, पण आपल्या घरचं. आपली झुलायची बंगई, आपलं देवघर, दुकानातला काटा. इंदू म्हणाली होती, इथं सवड होत नाही, माहेरी जाऊन करते.

"करून दे वं माई," इंदू म्हणाली. "नाई तं माह्यं तिथं का होईल?"

पारबतानं विचारलं, बंगई कशी आहे. इंदू म्हणाली, मोठी आहे. पितळेच्या साखळ्या आहेत. कड्या गोल की लांबट, पाटाला खिळे की चुका, इंदूला सांगता येईना. ती रोज त्या बंगईवर बसत होती, पण कधी वाकून पाहिलं नव्हतं. देवघराला कळस आहे का, तर असेल. काट्याची पारडी कशानं टांगलीत, ते कोण पाहतं. पारबताला राग आला. बहीण सुखात आहे याचा नाही. एवढ्या सुंदर वस्तूंच्या घरात राहून हिनं एकही नीट पाहिली नाही, याचा आला.

तिनं पदराखालचे हात बाहेर काढले आणि इंदूपुढे धरले. इंदूनं तोंड फिरवलं.

"पाह्य इकडे," पारबता म्हणाली. "अजून तीन-तीन बोटं कामाची हायेत. मी बजाराच्या दिवशी मंगलीसोबत येते, तोंड झाकून. रांगेत उभी राह्यते, गोळ्या घेते. मंग तुह्या दारात भिकारणीवानी थांबते आन् बंगई पाहून घेते. तू मले ओयखू नको. मी तुले ओयखत नाई. पाह्यल्याशिवाय मी करत नाई, तुले मालूम हाय."

इंदूनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, ये. पण या बाजाराला नको, नवऱ्याची आत्या येणार आहे घरी, पुढच्या ये. पारबतानं एवढं ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, पोरगी शेवटी आपली आहे. इंदूनं गुणाबाईकडून तिला लाडू पाठवले आणि सासूला सांगेन माती-बांबू जमवायला सांगून आले, असं म्हणत दुसऱ्या दिवशी वडशाला निघून गेली.

त्या पुढच्या बाजाराच्या दिवशी पारबता आणि मंगली पहाटेच निघाल्या. मंगलीच्या डोक्यावर टोपल्यांची चळत, खांद्याला बांबूच्या कामट्यांचा भारा आणि कमरेला बांबू चिरायची विळी. पारबतानं पदर नाकापर्यंत ओढलेला, पायांना चिंध्या बांधलेल्या. चार कोस तिला जड गेले. पण वाटेत ती बोलत होती, कित्येक वर्षांत बोलली नव्हती तितकी. जंगल, बांध्या, मोहाचा वास, तिला सगळंच नवं वाटत होतं. गोळ्या घेतल्यावर काय काय करायचं ते ती मंगलीला सांगत होती. आधी रेल्वेगाडी पाहायची आणि मग ती करायची, डब्यांसकट.

वडशाच्या बाजारात नानाजींचं दुकान लगेच सापडलं. चिंच सापडली. चिंचेखाली टेबल नव्हतं. तिथं एक माणूस मडकी मांडून बसला होता. मंगलीनं त्याला विचारलं. तो म्हणाला, डॉक्टर आता येत नाही. इथल्या व्यापाऱ्यांनी त्याला उठवलं, दुसरीकडे कुणी जागा दिली नाही, गेला कुठं तरी लांब. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाला, हा पहिलाच बाजार त्याच्याविना.

पारबता चिंचेच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. मंगली म्हणाली, चाल घरी. पारबता म्हणाली, बंगई पाहून जाऊ. एवढ्या लांब आलो आहोत.

नानाजींच्या घराचं दार दुकानाच्या बाजूनं होतं. कमळाबाई मंगलीला ओळखत होती, टोपल्या तिच्याकडूनच घ्यायची. ती ओट्यावर येऊन टोपल्या आपटून आपटून पाहू लागली. पारबता पायरीच्या खाली, रस्त्याच्या कडेला बसली. कमळाबाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ओळखलं ती कोणत्या रोगाची आहे. पण आज तिचा जीव खूश होता. तिनं आत हाक मारून सांगितलं, एका पत्रावळीवर भात आण, दारात गरीब बसली आहे.

आतलं सगळं दारातून दिसत होतं. बंगई होती. पलीकडे काचेचं कपाट होतं आणि त्यात पारबताचं घर, बाजेसकट, ढोलीसकट. पारबता टक लावून पाहत होती हे कमळाबाईच्या लक्षात आलं. कपाट पाहणारा कुणीही तिला चालायचा, भिकारीण का असेना. तिनं कपाटातून जातं आणून लांबूनच दाखवलं.

"माह्या सुनेनं केलं," ती म्हणाली. "फिरते पाह्य. पीठ पडते."

मंगलीनं विषय काढला. समोर डॉक्टर बसायचा, तो कुठं गेला. कमळाबाईनं नाक मुरडलं. मग तिचाच चेहरा फुलला.

"माह्या सुनेले दिवस हायेत," ती म्हणाली. "लोकाइच्या सुना डोहाळ्यात आंबट मांगते, लुगडं मांगते. हिनं काईच मांगतलं नाई. माहेरून आली आन् म्हणे, समोरची ते रांग पाहून मले मळमळते, तेवढी उठवा. पोटुशीचे डोहाळे पुरवा लागते बापा. यायनं दुसऱ्याच दिवशी दुकानदार गोळा केले आन् उठवलं त्याले."

हे ती बोलत होती तेवढ्यात इंदू हातात पत्रावळ घेऊन दारात आली. तिनं पायरीखाली पाहिलं. पदर नाकापर्यंत होता, पण ज्या अंगावर आपण लहानाचे मोठे झालो ते अंग ओळखू येतं. तरी तिनं दोन पायऱ्या उतरून, पत्रावळ अंतर ठेवून जमिनीवर ठेवली आणि उभी राहिली. डोळ्यांनी ती सांगत होती, जा.

कमळाबाईला बोलायची हौस आली होती. तिनं विचारलं, कोणत्या गावची वं तू?

पारबता काहीही सांगू शकली असती. चार कोस चालताना तिनं गावाचं खोटं नाव ठरवूनही ठेवलं होतं. तिनं इंदूच्या पोटाकडे पाहिलं, नथीकडे पाहिलं. तिच्या मनात त्या वेळी माया होती असं मी म्हणणार नाही. द्वेष होता, स्वच्छ, आणि तो तिला बरा वाटत होता. तिनं दोन्ही हात पदराबाहेर काढून मांडीवर ठेवले.

"बाई, तुमच्या बंगईची कडी जवळून दाखवता का?" ती म्हणाली. "गोल हाय का लांबट, दिसून नाई राह्यली. शेवंताच्या रुखवतात मांडाची हाय. मी पाह्यल्याशिवाय करत नाई. त्या जात्याचा टवकाबी आमच्या घरी पाहूनच केला."

कमळाबाईनं हातातल्या जात्याकडे पाहिलं. टवका तिनं आजवर हजारदा पाहिला असेल, पण तो आहे हे तिला आत्ता कळलं. शेवंताचं नाव या बाईला कुणी सांगितलं, हे विचारायची तिला गरज पडली नाही. तिच्या हातून जातं सुटलं, पायरीवर पडलं आणि दोन तळ्या दोन बाजूंना गेल्या. तिनं हात लुगड्याला पुसला, पुन्हा पुसला.

इंदू म्हणाली, ही वेडी आहे, हिला हाकला. तिचा आवाज इतका चढला की दुकानातले हमाल बाहेर आले. नानाजी आले. बाजारातली माणसं थांबली. इंदू म्हणत राहिली, मी हिला ओळखत नाही, मीच केलंय सगळं, माझ्या हातांनी.

कमळाबाई ओरडली नाही. ओरडणारी बाई ओरडत नाही तेव्हा घरातल्यांनी घाबरावं. तिनं मंगलीच्या भाऱ्यातल्या चार कामट्या ओढून घेतल्या, तिच्या कमरेची विळी मागितली आणि सगळं ओट्यावर ठेवलं.

"बस," ती सुनेला म्हणाली. "एक सूप कर. एवढंसं. करून दाखव, मंग हिले मीच हाकलते."

इंदूनं नवऱ्याकडे पाहिलं. गुणवंतराव दुकानाच्या दारात उभा होता, त्यानं मान खाली घातली. इंदू ओट्यावर बसली. तिनं एक कामटी उचलली, उलटी धरली, मग सुलटी धरली. विळी कशी धरायची तेही तिला येत नव्हतं. बाजार गोळा होत होता. मडकीवाला मडकी सोडून आला होता. कुणी तरी हसलं. कमळाबाई समोर मांडी घालून बसली होती, सगळा दिवस बसायची तयारी असल्यासारखी.

पारबताला एक शब्द बोलता आला असता. खोटं बोलले बाई, भूक लागली म्हणून बोलले, एवढं म्हटलं असतं तर कदाचित सासूला त्यावर विश्वास ठेवायचाच होता. शेवंताचं लग्न तोंडावर, घरात सून पोटुशी, कुणाला हवी होती अशी बातमी. मंगलीनं तिला कोपरानं ढोसलं आणि कानाशी म्हणाली, जाऊ दे पोरीले, बोल काईतरी. पारबता बोलली नाही. तिनं पत्रावळ ओढून मांडीवर घेतली. भात गरम होता, वर वरणाची धार होती. ती तीन बोटांनी घास करून खाऊ लागली. कित्येक वर्षांत कुणी तिला गरम भात वाढला नव्हता.

इंदूनं कामटी चिरायला विळी दाबली आणि ती सटकून तळव्यात शिरली. रक्त ओट्यावर सांडलं. ती किंचाळली, "माई!"

ती सासूकडे पाहून किंचाळली नव्हती. रस्त्याकडे पाहून, हात पुढे धरून किंचाळली होती, लहानपणी पडली की करायची तशी. सगळ्या बाजारानं ती कुणाकडे पाहते आहे ते पाहिलं. कमळाबाई उठली, आत गेली आणि तिनं दाराला आतून कडी घातली. काचेचं कपाट फुटल्याचा आवाज बाहेर आला. इंदू ओट्यावर हात धरून बसली होती, रक्त कोपरापर्यंत आलं होतं, आणि जवळ जायला कुणी तयार नव्हतं. तिच्याही अंगात आता काय असेल, कुणी सांगावं.

पारबता उठली नाही. पत्रावळीवर अजून भात होता, तो तिनं शितासकट संपवला.